कोरड्या तळ्यातली घरटी

सव्वाआठ वाजले तरी टेंबे सर चहाला आले नाहीत. मालन गेडाम यांनी हातातली पक्ष्यांची यादी मिटली आणि बांधाकडे पाहिलं. पाळीवर कोणी नव्हतं.

जयपूरजवळच्या कानोत्याच्या तळ्यावर पक्षिमंडळाची वसंतफेरी दर वर्षी होळीनंतर निघे. मंडळ प्रा. जनार्दन टेंबे यांनीच सुरू केलेलं. वय एकाहत्तर. तीस वर्षं जयपुरात प्राणिशास्त्र शिकवलं, पण शिस्त पुण्याचीच राहिली. आठ म्हणजे आठ. आज त्यांच्यासाठी ओतलेल्या चहावर साय धरली होती.

"मी पाहून येते," मालनताई म्हणाल्या.

"थांबा मावशी, मी पण येतो." अभिषेक उठला. त्याच्या गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता. सरांची जुनी विद्यार्थिनी देवयानीही मुकाट्याने मागे निघाली.

तिघं पाळीच्या मध्यावर पोचली तोवर सांडव्याच्या बाजूला टिटव्या ओरडत हवेत घिरट्या घालत होत्या. पाळीच्या टोकाशी दगडी पायऱ्या होत्या, खाली कोरड्या ओढ्यात उतरणाऱ्या. मालनताईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

बारा फूट खाली, गोट्यांच्या पसाऱ्यात, टेंबे सर उताणे पडले होते.

मालनताई पस्तीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. वय एकसष्ट, गुडघे दुखरे. पण पायऱ्या त्या कशा उतरल्या ते त्यांनाच कळलं नाही. त्या गोट्यांवरून धावल्या, तोच वरून देवयानी ओरडली, "मावशी, सांभाळून! त्या चपट्या दगडाच्या डावीकडे टिटवीची अंडी आहेत!"

मालनताईंनी पाय आवरला, वळसा घातला आणि सरांपाशी गुडघे टेकले. मानेला बोटं लावली. काही नव्हतं. अंग अजून कोमट होतं. डोक्यामागे रक्त साकळलं होतं, आणि डोक्याखाली सरांची पांढरी टोपी होती. दोनदा नीट घडी घातलेली.

वर कठड्याशी देवयानी मटकन खाली बसली होती आणि तोंडावर ओढणी धरून रडत होती.

•

उपनिरीक्षक शेखावत तासाभरात आले. चाळिशीचा, शांत, झुपकेदार मिशांचा माणूस. ते हिंदीत विचारत, मालनताई हिंदीत उत्तर देत.

"सिस्टरजी, शेवटचं कोणी पाहिलं त्यांना?"

"आम्ही सगळ्यांनीच. पावणेसातला फेरी सुरू झाली. सर म्हणाले, मी पाळीवर बसतो, तुम्ही फिरून या. नव्या लोकांना घेऊन मी काठाने गेले. अभिषेक पश्चिमेच्या पाणकणसांत. देवयानी पलीकडच्या बाभुळबनात."

"म्हणजे हे दोघं एकटेच होते."

"हो. पण आपापली यादी दोघांनी दिलीय मला."

शेखावतांनी याद्या मागितल्या. अभिषेकच्या कागदावर पाच पक्षी, तेही घाईघाईत खरडलेले. देवयानीची यादी सुरेख अक्षरात होती: 'बाभुळबन, सात ते पावणेआठ. रातबगळे चौदा, फांद्यांवर झोपलेले. होले सहा. वेडे राघू अकरा.'

"आणि तुमची?"

मालनताईंची यादी मिनिटामिनिटाची होती. त्यात एक ओळ होती: 'सात दहा. सांडव्याखाली टिटव्यांचा कल्लोळ, बराच वेळ. कुत्रं असावं.'

"भांडण होतं का कोणाशी?"

सकाळी जीपमध्ये सर म्हणाले होते, 'आज चहाच्या वेळी मला एक अप्रिय गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची आहे.' सगळ्यांनी अभिषेककडे पाहिलं होतं. फोटोसाठी घरट्यासमोरच्या काड्या बाजूला सारतो म्हणून मागच्याच महिन्यात सरांनी त्याला झापलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

मालनताईंनी ते सांगितलं. शेखावतांनी लिहून घेतलं.

"काही गेलंय का त्यांच्याजवळचं?"

"पाकीट आहे. घड्याळ आहे. दुर्बीण नाही. आणि त्यांची हिरव्या कापडाची वही नाही. ती ते उशाशी घेऊन झोपायचे, साहेब."

दुर्बीण दुपारी सापडली. तळ्यात मासे धरणाऱ्या भंवरलालच्या झोपडीत, गोधडीखाली. सरांनी फेब्रुवारीत त्याचं जाळं कापलं होतं. त्यात बदकं अडकत होती. तेव्हा भंवरलालने काठी उगारली होती, आणि ते अर्ध्या गावाने पाहिलं होतं.

संध्याकाळी त्याला ठाण्यात नेलं.

•

सोमवारी सकाळी जगतपुऱ्याच्या फ्लॅटची बेल वाजली. मालनताईंचा मुलगा संकल्प दार उघडून आत आला.

"आई, कोणी औरत आलीय. मतलब, गावातली. रडतेय."

ती भंवरलालची बायको धापू होती. कानोत्याहून बस आणि ऑटो बदलत आली होती. तिने मालनताईंचे पाय धरायला हात पुढे केले. मालनताईंनी तिला वर ओढून खुर्चीवर बसवलं.

"दुर्बीण त्याने घेतली, बाईजी. पाळीवर ठेवलेली दिसली, उचलली. चोर म्हणा. पण मास्तरजींना त्याने पाहिलंसुद्धा नाही."

"कधी उचलली?"

"सूर्य दोन हात वर आला होता. साडेसात-पावणेआठ असतील."

"खाली नाही पाहिलं त्याने?"

"चोरी करणारा खाली बघत बसतो का, बाईजी? तो पळाला."

ती गेल्यावर संकल्प म्हणाला, "आई, तू यात पडू नको ना. पोलीसवाले बघतील."

"बघतील," मालनताई म्हणाल्या. पण त्या टोपीचा विचार करत होत्या. वरून पडलेला माणूस टोपीची घडी घालत नाही.

•

मंगळवारी त्या ठाण्यात गेल्या. शवचिकित्सेचा अहवाल शेखावतांच्या टेबलावर होता.

"डोक्याला मार. आतला रक्तस्राव," ते म्हणाले. "डॉक्टर लिहितात, पडल्यावर लगेच गेले नाहीत. अर्धा-पाऊण तास जिवंत असावेत."

मालनताईंनी टेबलाची कड धरली. शेखावतांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"सिस्टरजी?"

"मी दोनशे पावलांवर होते, साहेब. नव्या पोरींना शेकाट्या दाखवून राहिले होते." त्यांनी पाणी तसंच ठेवलं. "ती टोपी. ज्याचं जाळं कापलं, तो ढकलेल. पण ढकलून झाल्यावर खाली उतरून डोक्याखाली उशी देईल?"

"घाबरला असेल. माणूस आहे."

"मग वही कशाला नेईल? त्याला वाचता येतं?"

शेखावतांनी मिशीवरून बोट फिरवलं. "नाही येत," ते म्हणाले. "वही झोपडीत सापडलीही नाही. त्याची कोठडी संपायला चार दिवस आहेत. काही दिसलं तर सांगा."

तिथून त्या अभिषेकच्या घरी गेल्या. तो चिडलेलाच होता.

"माझ्यावर शक आहे ना सगळ्यांचा? हे बघा." त्याने कॉम्प्युटर लावला. पाणकणसांत लपलेल्या पाणकोंबडीचे एकशे बारा फोटो. सात दोनपासून सात एकेचाळीसपर्यंत, मिनिटाला दोन-तीन. पाणकणसांपासून सांडव्यापर्यंत चालायला वीस मिनिटं लागत.

"घड्याळ बरोबर आहे कॅमेऱ्यातलं?"

"शेवटचा फोटो बघा, मावशी. तुमचाच आहे. चहा गाळताना. आठ पाच."

आठ पाचलाच गाळला होता. मालनताईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या निघाल्या.

बुधवारी त्या कानोत्याला गेल्या, एकट्याच. बाभुळबनात एक म्हातारा शेळ्या चारत होता. मोठ्या बाभळीच्या डहाळ्या छाटलेल्या, बुंध्याभोवती पानांचा सडा.

"हे कधी छाटलं, बाबा?"

"रविवारी. तांबडं फुटल्यापासून कुऱ्हाड चालवत होतो, पार ऊन चढेपर्यंत."

"यावर रातबगळे असतात ना?"

"पहिल्या घावालाच गेले उडून. दोन दिवस फिरकले नाहीत."

"कोणी बाई आली होती का इकडे?"

"शेळ्या बघू की बाया बघू?" म्हातारा म्हणाला.

परतताना त्या सांडव्यात उतरल्या. टिटव्या उठल्या, डोक्यावरून झेपा टाकू लागल्या. चपटा दगड सापडला. त्याच्या डावीकडे वाकून बघायला त्यांना पाच मिनिटं लागली, तेव्हा कुठे गोट्यांमधले ते चार गोटे अंडी आहेत हे कळलं. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग वर येऊन कठड्यावरून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

संध्याकाळी त्या बापूनगरात टेंब्यांच्या घरी गेल्या. सरांच्या पत्नी कुसुमताई दिवाणावर बसल्या होत्या, मांडीत हात ठेवून.

"सर शनिवारी रात्री कशाचं काम करत होते हो?"

"ते तसंच आहे टेबलावर. मी हात लावलेला नाही."

टेबलावर काळ्या बांधणीचा एक जाड प्रबंध उघडा पडला होता. पान त्र्याहत्तर. तक्त्याच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्नचिन्ह. शेजारी कागदाच्या तुकड्यावर सरांच्या अक्षरात: 'मालनताईंची यादी. एप्रिल, मे २००३.'

शनिवारी संध्याकाळी सरांचा फोन आला होता. त्यांनी २००३च्या उन्हाळ्याच्या याद्या काढायला सांगितल्या होत्या आणि मालनताईंनी वाचून दाखवलं होतं: 'कानोता. आदल्या साली पाऊस नाही. तळं कोरडं. मुलं तळ्यात क्रिकेट खेळतात. एकही घरटं नाही.' पलीकडे इतकी शांतता झाली होती की फोन तुटला असं त्यांना वाटलं होतं.

मालनताईंनी तक्ता दोनदा वाचला. मग प्रबंधाचं पहिलं पान उघडून नाव पाहिलं. नाव त्यांना माहीत होतं. तरी पाहिलं.

त्या रात्रीच त्यांनी शेखावतांना फोन केला.

•

शुक्रवारी सकाळी सात वाजता पाळीच्या टोकाशी चौघं उभी होती: शेखावत, अभिषेक, देवयानी आणि मालनताई. खाली पायऱ्यांशी एक महिला शिपाई. त्या दिवशीचं सगळं पुन्हा एकदा पाहायचंय, एवढंच शेखावतांनी सांगितलं होतं.

"अभिषेक," मालनताई म्हणाल्या, "तुझी नजर मंडळात सगळ्यात तेज. चपट्या दगडाशी टिटवीची अंडी आहेत. इथून दाखव."

अभिषेक वाकला. डोळे बारीक केले. कॅमेऱ्याची लेन्स लावली. "नाही दिसत, मावशी. सगळे गोटेच आहेत."

"साहेब, तुम्ही?"

शेखावतांनी मान हलवली.

"मलाही नाही दिसली. रविवारी नाही, परवाही नाही. रविवारी तर माझा पाय त्यांच्यावर पडणार होता, आणि देवयानीने मला वरून वाचवलं. दगड कोणता, बाजू कोणती, सगळं सांगून."

देवयानी एक पाऊल मागे सरकली. "टिटव्या ओरडत होत्या ना, मावशी. टिटवी ओरडते मतलब अंडी असणारच."

"अंडी आहेत एवढं कळतं. कुठे आहेत ते कसं कळलं?"

"टिटवी उठताना दिसली असेल मला."

"आपण पाळीच्या मध्यावर होतो तेव्हाच त्या हवेत होत्या. कुठून उठल्या ते आपल्यापैकी कोणी पाहिलं नाही."

"मग आधी कधीतरी..."

"आधीच्या रविवारी मी आणि सर इथे सांडव्यातून फिरलो. अंडी नव्हती. तू तो आठवडा उदयपूरला होतीस, शनिवारी संध्याकाळी आलीस. म्हणजे अंडी तू पाहिलीस ती रविवारी सकाळीच. तीही खाली उतरून, दोन हातांवरून."

मालनताई शेखावतांकडे वळल्या.

"साहेब, सात दहाला खाली टिटव्यांचा कल्लोळ झाला. मी लिहिलं, कुत्रं असावं. न पाहता लिहिलं. ती माझी चूक. ते कुत्रं नव्हतं. त्या वेळी देवयानी सरांपाशी खाली होती. तिच्या यादीत चौदा रातबगळे बाभळीवर झोपलेत. त्या बाभळीवर तांबडं फुटल्यापासून कुऱ्हाड चालत होती. एक रातबगळा नव्हता तिथे. यादी तिने मनाने लिहिली."

"कशासाठी?" अभिषेकच्या तोंडून निघालं.

"आधीही तिने तसंच केलं होतं. तिच्या प्रबंधात २००३च्या उन्हाळ्यात कानोत्याला शेकाट्यांची बासष्ट घरटी आहेत. शेकाट्या पाण्याच्या कडेला घरटं करतो. त्या उन्हाळ्यात इथे पाणीच नव्हतं. सर तिचे मार्गदर्शक. त्या उन्हाळ्यात ते पुण्याला होते, तिच्या तक्त्यावर विश्वास ठेवून सही केली. शनिवारी माझी यादी ऐकली आणि त्यांना कळलं. अप्रिय गोष्ट ती होती. अभिषेकचा त्या गोष्टीशी संबंध नव्हता. वहीत ते सगळं लिहिलेलं, म्हणून वही गेली. पाकीट राहिलं."

शेखावतांनी हळू विचारलं, "मॅडम, वही कुठे आहे?"

देवयानी कठड्याला टेकली. ती मराठीतच बोलली, मालनताईंकडे बघून, जणू बाकी कोणी नव्हतंच.

"माझ्या कपाटात आहे. फाडता आली नाही." तिने ओठ ओले केले. "त्या वर्षी शिष्यवृत्ती संपत होती, मावशी. अजून एक साल थांब असं घरी कोणी म्हणणार नव्हतं. एकच तक्ता होता. मग त्याच्यावर नोकरी लागली. रात्री त्यांनी मला फोन केला, पूछा, हे खरं आहे का. मी उत्तरच दिलं नाही."

"सकाळी?"

"बाभळीकडे गेलेच नाही. मागून पाळीवर आले. ते इथे, कठड्यावर बसले होते. म्हणाले, चहाच्या वेळी तूच सांग, मी तुझ्याशेजारी उभा राहतो. मी म्हटलं, नोकरी जाईल. म्हणाले, जाईल. मी वही ओढली. त्यांनी धरून ठेवली. मी जोरात ओढली, मग... मग माझ्याकडून धक्का लागला की त्यांचा हात सुटला, मला खरंच माहीत नाही."

"खाली उतरलीस."

"हो. टोपी मीच ठेवली."

"जिवंत होते ते?"

देवयानीने डोळे मिटले. "हो."

"बोलले काही?"

टिटव्या अजून ओरडत होत्या.

"म्हणाले, मालनताईंना बोलव."

मालनताई तिच्या अगदी जवळ गेल्या. "मग काय करून राहिली होतीस तू?"

"बोलवायलाच वर आले होते, मावशी. शपथ. वर आले, आणि वही माझ्या हातात होती. वाटलं, एक मिनिट थांबू. मग अजून एक. पाळीच्या मागे बसून राहिले. भंवरलाल दुर्बीण घेऊन गेला तोपण दिसला मला. मग आठ वाजले."

"आणि त्याला धरून नेलं तेव्हा?"

महिला शिपाई पायऱ्या चढून वर आली. शेखावतांनी देवयानीला हात लावला नाही. नुसती वाट करून दिली. ती पाळीवरून चालत गेली, तिच्या मागे शिपाई, त्यांच्या मागे शेखावत. अभिषेक कठड्याकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

•

भंवरलाल त्याच संध्याकाळी सुटला. दुर्बिणीबद्दल कुसुमताईंनी तक्रार दिली नाही.

शनिवारी मालनताई बापूनगरात गेल्या. बातमी कुसुमताईंपर्यंत पोचली होती. दहा वर्षं देवयानी या घरात जेवली होती, दिवाळीला इथेच करंज्या लाटत होती. कुसुमताईंनी तिचं नाव काढलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"शेवटी काही म्हणाले का ते?"

दवाखान्यात पस्तीस वर्षं हा प्रश्न मालनताईंना लोकांनी विचारला होता. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: शांतपणे गेले, काही त्रास झाला नाही. तेच उत्तर आत्ताही जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"म्हणाले, मालनताईंना बोलव."

कुसुमताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आली असती?"

"आली असती," मालनताई म्हणाल्या.